तीनच नट

नमस्कार ठाणेकर, घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये अडकून ऐकत असाल तर निवांत ऐका, पुढची गाडी काय हलत नाही इतक्यात.

आज विषय आहे दिल्लीचा ऑटो एक्स्पो, म्हणजे गाड्यांचं मोठ्ठं प्रदर्शन. मी चिठ्ठीवर सगळा इतिहास लिहून आणलाय, अगदी 1898 पासून. तेव्हा पॅरिसमध्ये असं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं आणि तिथला नियम मला फार आवडतो, ज्याला गाडी मांडायचीय त्याने आधी ती पॅरिसहून व्हर्सायला चालवत न्यायची आणि परत आणायची. चालली तर आत, नाहीतर घरी. हा नियम आज लावला ना तर निम्मे स्टॉल रिकामे पडतील, कारण हल्ली ती कॉन्सेप्ट कार म्हणून जे ठेवतात त्यातल्या बऱ्याच नुसत्या शोभेच्या असतात हो, मखरात बसवल्यासारख्या.

तर आपल्याकडे पहिला ऑटो एक्स्पो 1986 ला, दिल्लीच्या प्रगती मैदानावर. तेव्हा रस्त्यावर काय होतं तुम्हाला माहितीये, फियाट, ॲम्बेसेडर आणि नवी नवी मारुती. मग दुसरा थेट 1993 ला, आणि 1996 पासून दर दोन वर्षांनी. 1998 ला तिथेच टाटांची इंडिका पहिल्यांदा दिसली, आपल्या पुण्याची गाडी. आणि 10 जानेवारी 2008 ला रतन टाटा स्वतः नॅनो घेऊन स्टेजवर आले, लाखाची गाडी. लाख म्हणजे फॅक्टरीतली किंमत बरं का, टॅक्स वेगळा.

आता इथे मला थांबायलाच लागेल, कारण त्याच आठवड्यात, रविवारी, मी आणि अण्णा तिथे होतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. किसननगरहून रोज ठाणे स्टेशन, तिथून स्लो लोकल, कुर्ल्याला फियाटच्या कारखान्यात. आयुष्यभर चाकं बसवली माणसाने. कंपनी बंद झाली तरी रस्त्यात काळीपिवळी दिसली की चाकाकडे बघायचे, ड्रायव्हरकडे नाही. नॅनोची बातमी आली तशी म्हणाले, बाळ्या, बघायला जायचं. मी म्हटलं अण्णा टीव्हीवर दाखवतायत की. तर म्हणे टीव्हीवर खालून दिसत नाही. संपलं. कल्याणहून पंजाब मेल, सोबत आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि दिल्लीत अशी थंडी की अण्णांनी स्वेटरवर माझं विंडचीटर चढवलं, वर कानटोपी.

गर्दी तर विचारूच नका, दहीहंडीला टेंभी नाक्यावर असते तशी. बाकी गाड्यांपाशी लोक फोटो काढत होते, पण नॅनोपाशी नुसती रेटारेटी. आम्ही कसेबसे रेलिंगपर्यंत पोचलो आणि अण्णा खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. मागच्या बाईला पण तेच वाटलं, ती पानी लाओ पानी लाओ ओरडायला लागली, कुणीतरी बाटली उघडून अण्णांच्या कानटोपीवर ओतली पण. आणि अण्णा त्या थंडीत ओल्या टोपीने रेलिंगच्या दांड्यांमधून डोकं घालून चाक बघतायत, बोटाने मोजतायत. एक, दोन, तीन. परत मोजले. एक, दोन, तीन.

आणि मग ओरडले, अरे भाई, एक नट गिर गया है!

सूटवाला एक पोरगा धावत आला. त्याला काही कळेना. अण्णा म्हणतायत चार असतात, माझ्या हातून लाखो गेलेत, चार असतात, ये तीन ही है, गाडी मत हिलाओ. आणि गंमत म्हणजे मागचे दोनतीन लोक पण वाकून नट शोधायला लागले, एकाला खरंच एक झाकण सापडलं, पाण्याच्या बाटलीचं.

तेवढ्यात आतून एक मुलगा आला, गळ्यात कार्ड, आणि चक्क मराठीत म्हणाला, काका, पडला नाहीये, तीनच आहेत. पुण्याचाच होता. त्याने समजावलं, गाडी हलकी, सहाशे किलोच्या आसपास, चाक छोटं, तीन नट पुरतात, तेवढाच खर्च आणि वजन वाचतं. वायपरही एकच, काका. इंजिन मागे, दोन सिलिंडर, 623 सीसी. अण्णा म्हणाले, म्हणजे रिक्षासारखं मागे? तो हसला, हो म्हणाला.

अण्णा गप्प. बराच वेळ गप्प. मग उठले, टोपी पिळली आणि त्या मुलाला म्हणाले, बरोबर आहे तुझं, तिपाई कधी डुगडुगत नाही. चार पायांचं स्टूल डुगडुगतं. आमचंच चुकलं म्हणायचं का रे मग इतकी वर्षं?

तो मुलगा काय बोलणार. त्याने रेलिंगवरून हात पुढे केला आणि अण्णांशी हात मिळवला. परतीच्या गाडीत अण्णांनी तीन वेळा सांगितलं, पोराचा हात राठ होता, हा टेबलावरचा नाही, हा पाना धरणारा आहे.

जाता जाता सांगतो, आमच्या बिल्डिंगीत नंतर एकाने नॅनो घेतली, पाडव्याला, नारळ लिंबू सगळं झालं, आणि पार्किंग नाही म्हणून ती बारा महिने गटाराच्या कडेला. आधी जागा मग गाडी हे माझं मत आहे, भांडायचं तर भांडा. तर दर रविवारी अण्णा खाली जाऊन त्या गाडीचे नट हाताने चाचपायचे. मालक वैतागायचा. काका, काय बघता? अण्णा म्हणायचे, मोजतोय.

अरे, काचेपलीकडून हात हलवतायत, वेळ संपली म्हणे. एक्स्पो 2014 ला ग्रेटर नोएडाला गेला, कोविडमुळे 2022 चा 2023 मध्ये झाला, 2025 ला परत प्रगती मैदानाकडे, आता तिथे भारत मंडपम आहे, आणि 2018 मध्ये नॅनो बनायची बंदच झाली. चिठ्ठीवर अजून दीड पान आहे. ते पुढच्या बुधवारी. चला, गाणं लावा.