स्वर्गातलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यातली सोलापूरची दुपार तुम्हाला वेगळी सांगायला नको. माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं तासाभरात खडखडीत वाळतं. अशा उन्हातनं सिद्धेश्वर तलावाच्या काठावर आलं, की पाण्यावरच्या झुळकीनं जीव निवतो. स्वर्ग म्हणजे बाग आणि वाहतं पाणी, असं माणसाला का वाटलं असेल, ते मला याच काठावर उमगलं.

‘फिरदौस’ आणि ‘पॅराडाइज’ या दोन्ही शब्दांचं मूळ जुन्या इराणी भाषेत आहे. मूळ अर्थ, भिंतीनं वेढलेली जागा, बाग. कुराणातल्या जन्नतमध्ये बागांखालून नद्या वाहतात. तहानलेल्या मुलखाला याहून मोठं वचन कोणतं द्यायचं?

पण परलोकातलं सुख सुरुवातीपासून सगळ्यांच्या वाट्याला नव्हतं. इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या आत कोरलेले परलोकाचे मंत्र आधी राजघराण्यापुरते होते. इतरांच्या शवपेट्यांवर ते नंतर आले. प्राचीन यहुद्यांच्या ‘शिओल’मध्ये तर भले-बुरे सगळे एकाच अंधारात जात. मग इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात धर्म सोडला नाही म्हणून माणसं मारली गेली. यांना न्याय कधी मिळणार? मेलेले पुन्हा उठतील, ही आशा त्या काळात बळावली. पुढं ती ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांतही आली. अन्याय सोसलेल्यांच्या दुःखातून ती वाढली, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

आपल्या ऋग्वेदातला यम हा परलोकाची वाट पहिल्यांदा शोधणारा, मागून येणाऱ्यांना ती मोकळी करून देणारा. चित्रगुप्ताची वही नंतरची. गीतेनं तर सांगूनच टाकलं, पुण्य सरलं की स्वर्गातूनही पुन्हा मृत्युलोकात.

बाराव्या शतकातले शरण, म्हणजे बसवण्णांच्या काळातले लिंगायत शिवभक्त, त्याही पुढं गेले. कायक, म्हणजे मनापासून केलेलं कष्टाचं काम, हाच कैलास. सिद्धरामेश्वरांनी शरणांना बरोबर घेऊन हा तलाव खोदला, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय.

आमच्या गल्लीतल्या एक आजी गेल्या, तेव्हा घरच्यांनी ‘वारल्या’ म्हटलं नाही. ‘लिंगैक्य झाल्या’ म्हणाले, म्हणजे शिवाशी एकरूप झाल्या. भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवलेल्या. कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचा हार. तशाच बसत्या त्यांना भूमीत ठेवलं, तळहातावर इष्टलिंग, लिंगायत माणूस जन्मभर अंगावर बाळगतो ते छोटं शिवलिंग. त्या बोटांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या होत्या.