सहाव्या पायरीवर थांबलेला ड्वार्फ

पडद्यावर दिसणाऱ्या या तीन पातळ पुस्तिका १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या छोट्या गावातून बाहेर पडल्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला, प्रत्येक खेळाडूने एक काल्पनिक पात्र होऊन खेळायचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ त्यांत होता आणि पहिल्या छपाईत त्याचे अवघे १००० संच निघाले. पहिल्याच पुस्तिकेत, पात्र कसे घडवायचे हे सांगणाऱ्या पानांवर, ड्वार्फ (बुटके), एल्फ (दीर्घायुषी, जादू जाणणारे) आणि हॉबिट (ठेंगणे) या कथांमधल्या अमानव वंशांविषयी मोजक्या ओळी आहेत. खेळाडू ज्या नियमावरून पुढे पाव शतक वाद घालत राहिले, तो या वंशांच्या प्रगतीला सीमा घालणारा नियम याच ओळींत आहे.

या खेळात खजिना मिळवून आणि राक्षसांना हरवून पात्र अनुभवगुण कमावते आणि पुरेसे गुण साठले की वरच्या पातळीवर चढते. लढवय्याला दुसरी पातळी गाठण्यासाठी २००० गुण लागत. तेव्हा पातळ्यांना पदव्याही होत्या: चौथ्या पातळीचा लढवय्या ‘हीरो’, सहाव्या पातळीचा ‘मर्मिडॉन’ आणि नवव्या पातळीचा ‘लॉर्ड’. लॉर्ड झालेल्याने किल्ला बांधावा आणि आसपासच्या मुलखाचा कारभार पाहावा, अशी खेळाची कल्पना होती. माणसाला ही शिडी शेवटपर्यंत मोकळी होती. ड्वार्फ मात्र सहाव्या पायरीवर थांबे आणि हॉबिट चौथ्या. म्हणजे ड्वार्फाने कितीही पराक्रम गाजवला, तरी लॉर्ड ही पदवी त्याच्या नशिबी नव्हती. एल्फाला लढवय्या म्हणून चौथी आणि जादूगार म्हणून आठवी पातळी ही सीमा होती. पाचव्या श्रेणीचे मंत्र, म्हणजे दगडी भिंत उभी करणे किंवा क्षणात दूरच्या ठिकाणी पोहोचणे, जादूगाराला नवव्या पातळीपासून मिळत. जादूसाठी कथांमधून ओळखल्या जाणाऱ्या एल्फाला नियमांनी त्या मंत्रांच्या नेमके एक पाऊल अलीकडे उभे केले होते.

या मर्यादेमागे विचार होता, हे मान्य केले पाहिजे. ड्वार्फाला आणि एल्फाला जन्मजात देणग्या मिळत. ड्वार्फाला दगडी बांधकामातले सापळे आणि जमिनीचा उतार ओळखता येई, तर एल्फाला गुप्त दारे सहज दिसत. एवढ्या देणग्या असूनही प्रगतीला सीमा नसेल, तर माणूस कोण निवडेल, हा प्रश्न रास्त होता. गायगॅक्स यांना खेळाचे जगही माणसाभोवतीच फिरणारे हवे होते. १९७९ साली आलेल्या खेळ चालवणाऱ्याच्या मार्गदर्शक पुस्तकात त्यांनी मानवजातीला सूर्याची उपमा दिली आणि बाकीचे वंश त्याच्याभोवती फिरतात, असे लिहिले. त्याच पुस्तकातल्या वयाच्या तक्त्यात एल्फ हजार वर्षांच्याही पुढे जगतो. इतके आयुष्य लाभलेल्या वंशाला शिकायला मर्यादा नसती, तर माणसांची राज्ये टिकली कशी असती, याचे उत्तर हा नियम देतो.

माझ्या मते जगाची मांडणी म्हणून हे उत्तर पटण्यासारखे असले, तरी समतोल साधण्याचा उपाय म्हणून ते फसते. देणग्यांचा लाभ पहिल्या दिवसापासून मिळतो आणि त्यांची किंमत मात्र कित्येक महिन्यांच्या खेळानंतर द्यावी लागते. मोहीम, म्हणजे त्याच पात्रांनिशी अनेक बैठकांत चालणारा खेळ, त्याआधीच संपली, तर एल्फ खेळणाऱ्याला सगळे फुकटच मिळालेले असते. मोहीम लांबली, तर सोबतचे माणूस-लढवय्ये पुढे निघून जातात आणि तो खेळाडू तिथेच अडकतो.

खेळाच्या विस्तारित आवृत्तीत या मर्यादा बदलल्या; तिच्या १९७८ च्या खेळाडूंच्या नियमपुस्तकात हा जाच सर्वांत स्पष्ट दिसतो. त्या पुस्तकाप्रमाणे एल्फ लढवय्याचे बळ (फासे टाकून ठरणारा पात्राच्या ताकदीचा आकडा) १८ असेल तर त्याला सातवी पातळी, १७ असेल तर सहावी आणि त्याहून कमी असेल तर पाचवी पातळी गाठता येते. आता त्याच पुस्तकातला दुसरा तक्ता पाहा. तिथे एल्फ पुरुषाच्या बळाची कमाल मर्यादा १८ आहे आणि एल्फ स्त्रीची १६. हे दोन तक्ते शेजारी ठेवले की एल्फ स्त्री लढवय्यी पाचव्या पातळीपुढे जाऊच शकत नाही, हे आपोआप सिद्ध होते. असे कुठल्याही वाक्यात लिहिलेले नाही. फासे कितीही चांगले पडले, तरी ते पात्र खेळणारीला हा निकाल केवळ आकड्यांतून कळत असे.

त्याच पुस्तकात दोन पेशे, उदाहरणार्थ लढवय्या आणि जादूगार, एकत्र चालवणाऱ्या पात्राचे अनुभवगुण दोन्हींत समान वाटले जात आणि एका पेशाची मर्यादा आली, तरी ही वाटणी थांबत नसे. अर्धे गुण वाया जात. चोराचा पेशा मात्र अर्ध-ऑर्क (माणूस आणि ऑर्क नावाचे राक्षस यांची संतती) सोडून बाकी सर्व अमानव वंशांना अमर्याद खुला होता. ज्या ड्वार्फाला लढवय्या म्हणून नववी पातळी ओलांडता येत नव्हती, तो चोर म्हणून हवा तितका मोठा होऊ शकत होता आणि हे मला आजही खटकते.

पुढच्या आवृत्त्यांनी नियम मोडला नाही, फक्त सैल केला. १९८१ च्या सोप्या आवृत्तीत वंश हाच पेशा ठरला आणि ड्वार्फाला बारावी, एल्फाला दहावी, हाफलिंगला आठवी पातळी मिळाली; टोल्किन यांच्या कथांमधल्या हॉबिटचे नाव हक्कधारकांच्या आक्षेपामुळे तोवर बदलले होते. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ड्वार्फ लढवय्या पंधराव्या पातळीपर्यंत पोहोचला आणि स्त्री-पात्रांच्या बळावरची वेगळी मर्यादा गेली.

खरा बदल २००० साली झाला. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या नव्या मालक कंपनीने काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीत पातळीची मर्यादा पूर्ण रद्द झाली. माणसाला भरपाई म्हणून पहिल्याच पातळीवर एक जादा कसब आणि काही जादा कौशल्यगुण देण्यात आले, त्यामुळे देणगी आणि तिची किंमत प्रथमच एकाच दिवशी, पात्राच्या कागदावर शेजारीशेजारी लिहिली जाऊ लागली. त्या कागदावर एल्फ स्त्री लढवय्यी विसाव्या पातळीपर्यंत जाऊ शकत होती.