पोर्ट १०८०९

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका औद्योगिक गाळ्यात छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. मागच्या खोलीत एसी रात्रंदिवस चालू. दोन सर्व्हर. पहिल्यावर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले कॉम्प्युटर, चालतात, पण त्यांच्या डिस्क दुसऱ्यावर आहेत. मध्ये आहे नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे एनबीडी: दुसऱ्या सर्व्हरवरची डिस्क नेटवर्कवरून वापरू देणारी सोय.

व्हर्च्युअल मशीनला समोर साधी डिस्क दिसते. इथून ४०९६ बाइट वाच, तिथे लिही, एवढंच ते सांगतं. फाइल, युजर, परवानगी या पातळीवर नसतातच. पावेल माखेक यांनी १९९०च्या दशकात एनबीडी लिनक्समध्ये आणलं, तेव्हा त्यात ना एनक्रिप्शन होतं, ना ओळख पटवायची सोय. पोर्टपर्यंत, म्हणजे सर्व्हरच्या नेटवर्कवरच्या दारापर्यंत, जो पोहोचला, त्याच्या हाती अख्खी डिस्क.

आता स्क्रीनकडे बघा. क्यूईएमयू-एनबीडी (एनबीडीने डिस्क पुरवणारा प्रोग्रॅम) नुसतं सुरू केलं, तर सर्व्हरच्या प्रत्येक नेटवर्कवर पोर्ट १०८०९ उघडतं, ऑफिसच्या वायफायवरही. म्हणून बाइंडला, म्हणजे कुठल्या पत्त्यावर ऐकायचं या सेटिंगला, फक्त स्टोरेजच्या व्हीलॅनचा (वेगळ्या काढलेल्या नेटवर्कचा) पत्ता द्यायचा. सगळं एकाच मशीनवर असेल तर पोर्ट नकोच, युनिक्स सॉकेट, म्हणजे मशीनच्या आतल्या आतला जोड, पुरे.

मग टीएलएस, म्हणजे कनेक्शनचं एनक्रिप्शन. इथे घाई करू नका. एनबीडीकिट या डिस्क पुरवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये टीएलएस ‘ऑन’ ठेवलं, तर क्लायंटने मागितलं तरच एनक्रिप्शन होतं. न मागणाऱ्यालाही डिस्क मिळते. सक्ती हवी तर ‘रिक्वायर’. पण त्यानेही ओळख पटत नाही. सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) वापरत असाल आणि ‘व्हेरिफाय पीअर’ लावलं नसेल, तर सर्व्हर समोरच्याचं सर्टिफिकेट बघतच नाही. डेटा गुप्त जातो, दार मात्र सताड उघडं! ही तपासणी लावाच. सर्टिफिकेट देणारी सीए आपली स्वतःची हवी, आणि तिची प्रायव्हेट की (सर्टिफिकेटवर सही करायची गुप्त किल्ली) या सर्व्हरवर ठेवायची नाही.

हल्लेखोर नसतानाही डिस्क जाऊ शकते. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमची एकच डिस्क दोन मशीननी लिहिण्यासाठी उघडली, की प्रत्येक जण आपल्याच कॅशेवर, म्हणजे मेमरीतल्या प्रतीवर, विसंबतो आणि फाइल सिस्टिमची वाट लागते. क्यूईएमयू-एनबीडी मुळात एका वेळी एकच क्लायंट घेतं. ती मर्यादा सहज म्हणून वाढवू नका. मूळ इमेज, म्हणजे डिस्कची फाइल, सगळ्यांना लागतेच? मग ती रीड-ओन्ली द्या, आणि प्रत्येक मशीनचे बदल त्याच्या वेगळ्या ओव्हरलेमध्ये, म्हणजे मूळ इमेजवरच्या थरात, जाऊ द्या.

राहिली चाचणी. वायफायवरच्या लॅपटॉपवरून एनबीडीइन्फो ही डिस्कची माहिती दाखवणारी कमांड चालवा: कनेक्शन लागताच कामा नये. मग स्टोरेजच्या व्हीलॅनवरून, सर्टिफिकेटशिवाय. तिथे डिस्कचा आकार दिसला, तर व्हर्च्युअल मशीन सुरू करू नका. आधी ‘रिक्वायर’ आणि ‘व्हेरिफाय पीअर’ पुन्हा तपासा.