जॉर्जियाचं फुटलेलं मत

सोमवार, २ जुलै १७८७. फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसमध्ये अमेरिकेची राज्यघटना ठरवायला राज्यांच्या प्रतिनिधींची सभा भरली आहे, मतदान सुरू आहे. दारावर पहारा. आतलं अवाक्षर बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा सभेनंच घालून घेतलेला नियम. अध्यक्षांच्या खुर्चीत जॉर्ज वॉशिंग्टन बसले आहेत.

नव्या संसदेच्या वरच्या सभागृहात लहानमोठ्या सगळ्या राज्यांना सारखीच मतं द्यायची का? महिनाभर गाडं इथंच रुतलं आहे. व्हर्जिनियासारखी मोठी राज्यं लोकसंख्येप्रमाणे वाटा मागतात. तसं झालं तर आम्ही बुडालोच, असं डेलावेअर म्हणतं. दोनच दिवसांपूर्वी डेलावेअरच्या गनिंग बेडफर्ड यांनी भर सभेत सुनावलं होतं : संघ मोडलात, तर लहान राज्यांचा हात धरणारी परकी सत्ता आम्ही शोधू!

एकेका राज्याचं नाव पुकारलं जातं. पाच बाजूनं, पाच विरोधात. शेवटी राहतं जॉर्जिया.

जॉर्जिया मोठ्या राज्यांच्या गोटातलं. चारपैकी दोन प्रतिनिधी न्यूयॉर्कला गेलेले, हजर दोघेच. विल्यम ह्यूस्टन विरोधात मत देतात. अब्राहम बाल्डविन मात्र बाजूनं देतात. राज्याचं मत फुटतं, म्हणून ते मोजलंच जात नाही. बरोबरी तशीच राहते.

बाल्डविन जन्मानं कनेक्टिकटचे, म्हणजे ज्या राज्याचे प्रतिनिधी रॉजर शर्मन समेटासाठी धडपडत होते, तिथलेच. आज हरली तर लहान राज्यं उठून जातील, हे बाल्डविन यांनी ओळखलं असावं. माझ्या मते त्या उन्हाळ्यातलं सगळ्यात मोलाचं मत हेच.

कोंडी फोडायला समिती नेमली गेली. १६ जुलैला शर्मन यांचा तोडगा पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला : खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, वरच्या सभागृहात सर्वांना समान मतं. अमेरिकेचं आजचं वरचं सभागृह, म्हणजे सिनेट, याच निसटत्या बहुमतावर उभी आहे.

पण लोकसंख्या मोजायची, तर कोणाकोणाची?

दक्षिणेतल्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना मत नव्हतं, हक्क नव्हते. तरी मालकांच्या राज्यांना त्यांच्या संख्येवर जागा हव्या होत्या. ठरलं असं, की पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर मॉरिस यांनी ऑगस्टमध्ये विचारलं : ती माणसं असतील तर त्यांना नागरिक करा, मत द्या. मालमत्ता असेल, तर दुसरी कुठलीच मालमत्ता का मोजत नाही? (गव्हर्नर हे त्यांचं नाव, पद नव्हे.) या प्रश्नाला उत्तर नव्हतं. हिशेब तसाच राहिला.

ऑगस्ट संपता संपता आणखी एक सौदा झाला. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांच्या, जहाजमालकांना व्यापाराचे कायदे साध्या बहुमतानं व्हायला हवे होते. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाला आफ्रिकेतून गुलाम म्हणून माणसं आणणं चालू ठेवायचं होतं. दोघांचंही साधलं. १८०८ पर्यंत काँग्रेसनं, म्हणजे नव्या संसदेनं, या व्यापारावर बंदी घालायची नाही, असं कलम आलं. त्या मुदतीच्या अखेरच्या वर्षांत साउथ कॅरोलायनाच्या चार्ल्सटन बंदरात हजारो माणसं साखळदंडांत उतरवली गेली. ज्यांच्या जिवावर हा समेट झाला, त्यांच्यातलं एकही माणूस त्या सभागृहात मत द्यायला बसलेलं नव्हतं.

१७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. त्या मसुद्यात 'गुलाम' हा शब्द कुठंच नाही. 'इतर व्यक्ती' म्हणून वेळ मारून नेली आहे. राज्यघटनेत 'गुलामगिरी' हा शब्द पहिल्यांदा आला १८६५ मध्ये, यादवी युद्धानंतर, ती रद्द करणाऱ्या तेराव्या दुरुस्तीत.