फांदी फिरवली की काय बदलतं?

हे पान चार्ल्स डार्विनच्या वहीतलं, 1837 सालचं. वर लिहिलंय 'मला वाटतं' आणि खाली हे वेडंवाकडं झाड, म्हणजे कोणता जीव कोणाचा जवळचा नातेवाईक ते दाखवणारा वंशवृक्ष. डार्विनकडे पेन होतं, एकदा रेघ मारली की मारली. आता स्क्रीनकडे बघा, इथे माउस आहे आणि सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

हे झाड आडवं आहे. डावीकडे मूळ, उजवीकडे पानं, प्रत्येक पान म्हणजे एका बॅक्टेरियाचा सिक्वेन्स, त्याच्या डीएनएतल्या अक्षरांची ओळ. सिक्वेन्स एकाखाली एक लावणं, त्यावरून झाड काढणं हे सगळं आधीच झालंय, ते आम्ही शूट केलं नाही कारण काळ्या विंडोत ओळी सरकताना किती वेळ बघणार.

या झाडाची फाइल आता साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडलीये. झाडबिड काही नाही, नुसते कंस आणि स्वल्पविराम. वाचायला सोपं म्हणून एक छोटं घेऊ.

((माणूस,चिंपांझी),गोरिला);

आतल्या कंसात जे दोघं, ते एकमेकांचे जवळचे, मग तो अख्खा कंस गोरिलासोबत बाहेरच्या कंसात. नावापुढे कोलन देऊन आकडा टाकला की ती फांदीची लांबी. या लिहिण्याला न्यूइक फॉरमॅट म्हणतात आणि हे नाव चक्क एका सीफूड रेस्टॉरंटचं आहे, 1986 मध्ये अमेरिकेत डोव्हर गावी तिथे बसून काही शास्त्रज्ञांनी हे नियम पक्के केले.

आता हा हात बघा. एका नोडवर, म्हणजे फांद्या फुटतात त्या जागी, क्लिक, आणि फांद्यांची अदलाबदल, वरचं खाली खालचं वर. नात्यात काडीचाही फरक पडलेला नाही! पाळण्यावरचं चिमणाळं वाऱ्याने फिरतं तेव्हा कुठली चिमणी कुठल्या दोऱ्याला बांधलीये ते थोडंच बदलतं, तसंच हे. चार पानांचं झाड असेल तर तीन नोड, प्रत्येक दोन तऱ्हांनी ठेवता येतो, म्हणजे एकच झाड आठ प्रकारे काढता येतं आणि आठही बरोबर. तरी लोक पानं वरून खाली यादीसारखी वाचतात आणि शेजारी दिसले म्हणजे नातेवाईक असं धरून चालतात. नातं बघायचं तर पानापासून मागे मागे जायचं, दोघांच्या फांद्या कुठे भेटतात ते बघायचं, बस.

आणि हा आमचा आवडता शॉट. फांदी निवडली, रीरूट दाबलं, म्हणजे मूळ या फांदीवर आणलं, आणि अख्खं झाड कोलांटी खाऊन उलगडलं. मूळ कुठे हे बहुतेक पद्धतींना सिक्वेन्सवरून कळतच नाही, म्हणून आपल्या गटाबाहेरचा आहे हे नक्की माहीत असलेला एखादा जीव मुद्दाम सोबत घेतात, त्याला आउटग्रुप म्हणतात, आणि त्याच्या फांदीवर मूळ बसवतात.

फक्त कोलांटी बघताना आकड्यांवर लक्ष ठेवा. हे 98 आणि हे 54, हे बूटस्ट्रॅपचे. एकाखाली एक लावलेल्या सिक्वेन्सचे उभे कॉलम चिठ्ठ्या काढल्यासारखे पुन्हापुन्हा उचलून शंभर झाडं काढली तर त्यातल्या किती झाडांत हाच गट परत आला, तो हा आकडा. 1985 मध्ये जोसेफ फेल्सनस्टाइन यांनी ही पद्धत झाडांसाठी आणली. आकडा असतो फांदीचा, पण न्यूइकमध्ये तो लिहितात कंसाबाहेर, जिथे नोडचं नाव लिहायची जागा असते. मग प्रोग्रामला वाटतं हे नावच आहे. मूळ हललं की जुन्या आणि नव्या मुळाच्या मधल्या फांद्यांची दिशा उलटते, नाव मात्र आपल्या नोडला चिकटून बसतं, आणि आकडा गुपचूप शेजारच्या फांदीचा होऊन जातो. परत दाखवतो, सावकाश. 98 इथे होतं... आता इथे. कुठला इशारा नाही, लाल अक्षर नाही, झाड पहिल्याइतकंच देखणं. बरेच ट्री व्ह्यूअर, म्हणजे झाड दाखवणारे प्रोग्राम, असं करत होते हे 2017 मध्ये एका शोधनिबंधात दाखवून दिलंय. कच्च्या गटावर भक्कम आकडा बसतो आणि तेच चित्र पेपरात छापून येतं.

आता पुन्हा तोच हात. अनडू, परत अनडू. मूळची फाइल बाजूला उघडली, त्यातल्या 98 वर बोट ठेवलं, त्या फांदीपलीकडची पानं एकेक करून मोजली, मग दुसऱ्या विंडोत तीच पानं शोधली. एक, दोन, तीन, चार. सेव्ह ॲज, नवीन नाव.