तीन सेकंद

[दृश्य: रिकामा वर्ग. बाकांवर उन्हाची तिरीप. हळूहळू मुलांचा गलका ऐकू येऊ लागतो.]

बाई प्रश्न विचारतात. तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहते. ओठ हलतात, पण शब्द काही फुटत नाही. बोटं बाकाच्या कडेवरून नुसती फिरत राहतात. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसतं. पुढे दोन हात केव्हाच वर झालेत. 'मी सांगू? बाई, मी सांगू?'

आता बाई काय करतात, यावर त्या मुलीचं बरंच काही अवलंबून आहे.

बहुतेक वेळा प्रश्न पुढे सरकतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण केलं आणि प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात, ते मोजलं. उत्तर निघालं, साधारण एक सेकंद. तेवढ्यात मूल बोललं नाही, तर शिक्षक स्वतःच बोलायला लागायचे, नाहीतर दुसऱ्याला उठवायचे. त्याच नोंदींतली आणखी एक गोष्ट जास्त बोचते. हुशार समजल्या गेलेल्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबायचे, कच्च्या समजल्या गेलेल्यांसाठी कमी. म्हणजे ज्याला वेळ जास्त हवा, त्याच्याच वाट्याला तो कमी यायचा. हे कुणी मुद्दाम करत नव्हतं. पण मुलाला ते कळतं. आपल्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही, हे मुलाला फार लवकर कळतं.

मग काही शिक्षकांनी सराव करून हा वेळ तीन सेकंदांवर नेला. मुलांची उत्तरं लांबली. 'माहीत नाही' म्हणणं कमी झालं. एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली, स्वतःहून प्रश्न विचारू लागली. आणि ज्यांना 'याला काही येणार नाही' म्हणून सोडून दिलं होतं, त्यांच्याबद्दलचं शिक्षकांचं मतही बदलू लागलं.

तीन सेकंद किती असतात?

[तीन सेकंद पूर्ण शांतता. पडद्यावर फक्त त्या मुलीचा चेहरा.]

एवढे. पन्नास मुलं समोर बसलेली असताना, धडा संपवायची घाई असताना, एवढं थांबायला फार मोठं मन लागतं.

जीव लावणारे शिक्षक म्हणजे गोड बोलणारे, खाऊ वाटणारे, कधीच न रागावणारे, असं आपण समजतो. माझ्या मते त्यांची खरी खूण वेगळी आहे. ते मुलासाठी थांबतात. कधी तीन सेकंद, कधी शाळा सुटल्यावर तासभर, तर कधी वर्षानुवर्षं.

[दृश्य: शाळेचं जुनं हजेरीपुस्तक. पानं उलटली जातात.]

कॅनडात माँट्रियल शहराच्या एका गरीब वस्तीत एक शाळा होती. त्या शाळेत शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवलेले आयगिल पेडरसन संशोधनासाठी जुन्या नोंदी चाळत बसले होते. ही मुलं मोठी होऊन काय करतात, कशी राहतात, हे त्यांना पाहायचं होतं. पाहता पाहता त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. मोठेपणी बरं चाललेल्या माणसांमध्ये पहिलीच्या एकाच बाईंचे विद्यार्थी पुन्हा पुन्हा सापडत होते.

१९७८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बाईंना 'मिस ए' एवढंच म्हटलं आहे. सुमारे साठ माणसांचं शिक्षण, कामधंदा, राहणीमान पाहून गट पाडले होते. मिस ए यांचे जवळपास दोन तृतीयांश विद्यार्थी सर्वांत वरच्या गटात होते, आणि सर्वांत खालच्या गटात त्यांचा एकही विद्यार्थी नव्हता. माणसं मोजकीच होती, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठा इमला उभा करू नये. पण त्या बाईंविषयी लोकांनी जे सांगितलं, ते ऐकण्यासारखं आहे.

मूल कुठल्याही घरातून येवो, कितीही मागे असो, वर्ष संपेपर्यंत ते वाचायला शिकणारच, अशी त्यांची पद्धत होती. मागे पडणाऱ्या मुलांना घेऊन त्या शाळा सुटल्यावर बसायच्या. एखादं मूल डबा विसरलं, तर आपल्यातलं त्याला द्यायच्या. वीस वर्षांनी भेटलेल्या विद्यार्थ्याचं नाव त्यांना आठवायचं. आणि त्यांच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, पहिलीला आपल्याला कोण शिकवायचं हे बरोबर आठवत होतं. इतर वर्गांतल्या कितीतरी जणांना ते सांगता आलं नाही.

शाळा सुटलेली आहे. वर्गात एक बाई आणि एक मूल. बोट एका अक्षरावर. मूल अडखळतं, बाई बसून राहतात. त्या मुलाला अक्षर तर येतंच, शिवाय या बाई आपल्याला सोडून जात नाहीत, हेही त्याच्या मनात कायमचं बसतं.

[दृश्य: वहीवर लाल शाईच्या खुणा.]

म्हणजे चुका दाखवायच्याच नाहीत का? दाखवायच्या. नीट, सगळ्या दाखवायच्या. अमेरिकेत डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवीच्या मुलांचे निबंध शिक्षकांनी तपासून, शेरे मारून परत दिले. काही वह्यांना एक चिठ्ठी जोडली होती. मतलब असा, की माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करशील याची मला खात्री आहे, म्हणून हे शेरे लिहिलेत. बाकीच्यांना नुसतीच कोरडी चिठ्ठी. शाळेवरचा विश्वास उडालेला असण्याची शक्यता ज्यांच्या बाबतीत जास्त होती, त्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये कोरडी चिठ्ठी मिळालेल्या १७ टक्के मुलांनी निबंध पुन्हा लिहून दिला. विश्वासाची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी ७२ टक्के मुलांनी. प्रयोग लहानच होता, पण लाल शाई दोन्हीकडे तीच होती.

निकालपत्रात हे कुठे दिसतं? नाहीच दिसत. अर्थतज्ज्ञ किराबो जॅक्सन यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या नववीच्या मुलांच्या नोंदींवरून दाखवलं, की काही शिक्षक गुण वाढवतात, तर काहींच्या हाताखाली मुलं शाळा बुडवत नाहीत, वर्गातून काढून टाकण्याची पाळी त्यांच्यावर कमी येते, ती पुढच्या वर्गात जातात. हे दोन्ही एकाच शिक्षकाला जमेलच असं नाही. आणि मूल शालेय शिक्षण पूर्ण करेल की नाही, हे गुणांपेक्षा या दुसऱ्या कामावरून जास्त चांगलं कळतं. गुणांच्या तक्त्यात ते उतरत नाही, म्हणून अशा कितीतरी शिक्षकांना कुणी कधी 'छान काम केलंत' म्हटलेलं नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

[दृश्य: एका तळहातावर दुसऱ्या हाताची बोटं अक्षरं काढताहेत.]

थांबण्याची गोष्ट निघाली की हेलन केलरच्या शिक्षिका ॲन सलिव्हनकडे वळावंच लागतं. ३ मार्च १८८७. वीस वर्षांची ॲन अलाबामात केलरांच्या घरी आली. हेलन सातवं वर्षही पूर्ण न झालेली, ना दिसत, ना ऐकू येत. ॲननं तिच्या हातात बाहुली दिली आणि तळहातावर बोटांनी त्याच शब्दाची अक्षरं काढली. हेलन अक्षरांची नक्कल करायची. त्यांना काही अर्थ असतो, हे तिला माहीतच नव्हतं. पाण्याच्या पंपाखाली हात धरून 'पाणी' हा शब्द तिला उमगला, तो दिवस ५ एप्रिलचा. तो प्रसंग जगाला माहीत आहे. मला त्याआधीचे तेहेतीस दिवस महत्त्वाचे वाटतात. रोज शब्द, रोज तळहात, आणि समोरून काहीच नाही. मध्ये आदळआपट, मारामारी, जेवणाच्या टेबलावरचे तंटे. ॲन कडक होती, पण तिनं त्या पोरीचा हात सोडला नाही.

हा धीर तिच्यात कुठून आला? ॲन स्वतः गरिबांच्या आश्रयगृहात वाढलेली. डोळे अधू. धाकटा भाऊ तिथेच वारला. चौदाव्या वर्षी ती बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत आली, तेव्हा तिला आपलं नावही लिहिता येत नव्हतं. त्या शाळेत लॉरा ब्रिजमन राहायच्या. त्यांनाही दिसत आणि ऐकू येत नव्हतं, आणि हेलनच्या कितीतरी वर्षं आधी त्यांना त्याच शाळेनं भाषा दिली होती. लॉराशी बोलता यावं म्हणून ॲन बोटांची लिपी शिकली. हेलनला दिलेली बाहुली पर्किन्सच्या मुलींनी पाठवलेली होती. तिचे कपडे लॉरानं शिवले होते.

एकानं दुसऱ्यासाठी थांबायचं, दुसऱ्यानं तिसऱ्यासाठी. १९०४ मध्ये हेलन रॅडक्लिफ कॉलेजमधून पदवीधर झाली. तोवरच्या कितीतरी व्याख्यानांत ॲन शेजारी बसून तिच्या हातावर शब्द काढत होती. १९३६ साली ॲन गेली, तेव्हाही तिचा हात हेलनच्या हातात होता.

[दृश्य: टेबलावर कोरा कागद, शाईचं पेन.]

आणि एक पत्र. १९५७ साली फ्रेंच लेखक आल्बेर कामू यांना साहित्याचं नोबेल मिळालं. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले, तेव्हा कामू एक वर्षाचेही नव्हते. आईला नीट ऐकू येत नव्हतं, लिहितावाचता येत नव्हतं. अल्जिअर्समधल्या त्या घरात पोरानं लवकर कमावतं व्हावं, असं आजीचं म्हणणं. लुई जेर्मेन हे त्यांचे प्राथमिक शाळेतले गुरुजी. त्यांनी शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी मुलाची फुकट जादा शिकवणी घेतली आणि घरी जाऊन आजीची समजूत काढली. मुलगा पुढच्या शाळेत गेला.

तेहेतीस वर्षांनी, सगळीकडे आपलंच नाव गाजत असताना, कामूंनी या गुरुजींना पत्र लिहिलं. बातमी कळली तेव्हा आईनंतर पहिला विचार तुमचा आला, असं त्यात होतं.

१९५९ मध्ये जेर्मेन गुरुजींनी त्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. समोरचा माणूस पंचेचाळीस वर्षांचा, जगभर वाचला जाणारा. गुरुजींनी सुरुवात केली : 'माझ्या लाडक्या बाळा...'

[दृश्य: तिसऱ्या बाकावरची मुलगी. बाई अजून थांबल्यात. मुलगी मान वर करते, बोलायला लागते.]