आवाज नव्हे, ठेका

श्रोतेहो, नमस्कार. हळदी, वाढदिवस, कारखान्यांचे स्नेहमेळावे अशा कार्यक्रमांत डीजे म्हणून वाजवता वाजवता माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते मी आज एकापेक्षा अधिक वेळा सांगणार आहे: माणसे ठेक्यावर नाचतात, आवाजावर नाही.

नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना ठेका म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. माझे स्वतःचे सर्वांत लाडके संगीत म्हणजे हाउस. शिकागोच्या वेअरहाउस या क्लबात फ्रँकी नकल्स १९७७ पासून वाजवत असत. डिस्को गाण्यांतले नाचण्याजोगे तुकडे ते टेपवर जोडून लांबवीत आणि त्या वातावरणातून पुढे हे संगीत घडले. चारही मात्रांवर सारख्या वजनाचा ठोका आणि मिनिटाला साधारण १२० ते १२५ ठोके, एवढाच त्याचा पाया आहे. भरभर चालणाऱ्या माणसाची पावले जवळजवळ याच गतीने पडतात, म्हणून कधीही न नाचलेला माणूससुद्धा त्यात सहज शिरतो.

आता मखमलाबादच्या एका हळदीची हकीकत सांगतो. अंगणात मांडव होता, हळद लागून झाली होती, तरुण मुले एका कोपऱ्यात उड्या मारत होती आणि बाकी सगळे वऱ्हाड खुर्च्यांवर बसून होते. नवरदेवाचे मामा दर पाच मिनिटांनी येऊन "दादा, आवाज वाढवा" म्हणत होते. मी मात्र पहिल्या रांगेतल्या आजींकडे पाहत होतो, कारण त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर अचूक ताल धरत होती. मी आवाज कमी केला आणि चरणजित सिंग यांची १९८२ सालची ध्वनिमुद्रिका लावली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या या वादकाने रोलँड कंपनीची तालयंत्रे आणि सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. शिकागोत त्याच यंत्रांतून अशाच धाटणीचे संगीत निघाले ते काही वर्षांनी, आणि आपल्याकडे या माणसाचा गौरव फार उशिरा झाला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी त्यातला भूपाली लावला. आजींनी मान वर केली आणि शेजारी बसलेल्या बाईंना म्हणाल्या, "थोरल्या बाई, हा तर आपल्या भजनातला भूप!" थोड्या वेळाने त्या उठल्या, त्यांनी पदर खोचला, जाऊबाईंचा हात धरून त्यांना उठवले आणि दोघींनी मांडवाच्या मधोमध फुगडी धरली. फुगडी संथ सुरू होते आणि हळूहळू वेग घेते, हे आपण सर्व जाणताच. त्यांची पावले जशी जलद होत गेली, तशी मी गतीची पट्टी केसभर केसभर पुढे सरकवत राहिलो. त्या रात्री गती मी ठरवत नव्हतो, त्या दोघी ठरवत होत्या. मग लेकी उठल्या, सुना उठल्या, कोपऱ्यातली मुले उड्या थांबवून फेर धरायला आली आणि आवाज वाढवा म्हणणारे मामा टाळ्या वाजवत त्यांच्या मागे फिरू लागले. आवाज तेवढाच होता, अगदी शेजारच्या माणसाशी बोलता यावे इतका. पुन्हा सांगतो, वाढला होता तो ठेका, आवाज नव्हे.

म्हणून स्पीकरच्या भिंती उभारणे मला पटत नाही. डोळ्यांवर येणारे लेझरचे झोत तर मांडवातून हद्दपारच करावेत, कारण समोरच्या माणसाचा चेहरा दिसला नाही तर त्याच्यासोबत नाचायचे कसे? आणि यजमानांना माझी आग्रहाची विनंती आहे की जेवणाची पंगत नाचाच्या ऐन रंगात बसवू नये.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, हे आपण जाणता. तेव्हा हळदीचे वाजवणे संध्याकाळी सातलाच सुरू करा, आणि डीजेला गाण्यांची यादी देण्याआधी घरातल्या ज्येष्ठ बायका कोणत्या चालींवर फेर धरतात, ते त्याला अवश्य सांगा. नमस्कार.